पाण्यात बोललेलं पाण्यात

बाळांनो, हे मी तुम्हां दोघांसाठी लिहिते आहे आणि रागात लिहिते आहे, हे आधीच सांगून ठेवते. राग निवळल्यावर लिही, असं तुमची आई म्हणाली. पण तशी वाट बघितली तर मी सगळं गोड करून लिहीन, आणि ही गोष्ट गोड नाही.

आत्ताच का, तर थोरलीच्या फोनमुळे. तिच्या विद्यापीठात एक विषय आहे. जंगल, पाणी, कुरण अशा सगळ्यांच्या मालकीच्या गोष्टी माणसं मिळून कशा सांभाळतात आणि त्यावरून कशी भांडतात, याचा अभ्यास. त्या वर्गात एक छोटी फिल्म दाखवली. गुडघाभर पाण्यात उभी राहून माणसं एकमेकांवर ओरडताहेत आणि खाली इंग्रजीत लिहिलंय, एक ओढा, दोन भाषा, न मिटणारा संघर्ष. काठावरचं वाकडं करंजाचं झाड बघून थोरलीने जागा ओळखली, कारण लहानपणी ती त्याच झाडावरून पडली होती. फोनवर हळूच म्हणाली, "आजी, ही आपलीच माणसं ना? इतकी वाईट भांडतात? मी वर्गात काही बोलले नाही. लाज वाटली."

त्या लाजेसाठी मी लिहायला बसले आहे. लाज कुणी वाटून घ्यायची ते आधी ठरू दे.

क्रमाने सांगते. माझं आयुष्य बेळगावात गेलं, कॉलेजात अर्थशास्त्र शिकवण्यात. तुमच्या आजोबांचं शेत मात्र खानापूरच्या बाजूला, नंदगडच्या पलीकडे, जंगल सुरू होतं तिथे. गावाचे दोन भाग आहेत. वरच्या वाडीत बहुतेक कानडी घरं, खालच्या वाडीत बहुतेक मराठी, आणि दोन्हींमधून जाणारा ओढा. आपलं शेत मध्यावर आहे. सगळ्यात वर, ओढ्याला लागून, आप्पांचं शेत. आप्पा कानडी, उंच, कमी बोलणारे. सगळ्यात खाली, पाट जिथे संपतो तिथे, आक्काचं शेत. आक्का मराठी, बुटकी, आणि तिचं तोंड कधी बंद असलेलं मी पाहिलेलं नाही. तिचा सगळा संसार उन्हाळी मिरचीवर. खोटी नम्रता तिच्या अंगी अजिबात नाही. "माझ्यासारखी मिरची ह्या मुलखात कुणाची न्हाय," असं ती नंदगडच्या बाजारात शेजारच्या मिरचीवालीला ऐकू जाईल असं सांगते.

भाताची मळणी उरकली की ओढ्यावर दगड, फांद्या, पेंढा आणि चिखल घालून दोन्ही वाड्या मिळून बांध घालतात. पावसात तो वाहून जातो. जायलाच हवा, नाहीतर पूर शेतात शिरेल. बांधामुळे पाणी तुंबतं आणि पाटात चढतं. पाट वरून खाली सगळ्यांच्या शेताकडेने जातो. आता प्रश्न असा, की वरच्याने सगळं पाणी घेतलं तर खालच्याने काय करायचं? मी वर्गात जी पुस्तकं शिकवायची त्यांत याचं उत्तर ठरलेलं असायचं. जे सगळ्यांचं, ते सगळे मिळून नासवतात. वर्गाला मी ते वाचून दाखवायची आणि मग पुस्तक मिटून आपला पाट सांगायची.

आपल्या पाटाला फळी एकच आहे. जांभळाच्या लाकडाची, हातभर रुंद, काळी पडलेली. ती पाटात आडवी घातली की पाणी त्या शेतात वळतं. फळी ज्याच्याकडे, पाणी त्याचं. बाकीच्यांनी बघत बसायचं. पाळी सुरू होते ती शेवटच्या शेतापासून. आधी आक्काचं रान भिजतं, मग तिच्या वरच्याचं, असं करत फळी हातोहात वर चढते आणि शेवटी आप्पांकडे पोचते. आप्पांचं भिजून झालं की त्यांनी स्वतः, गड्याला न पाठवता, फळी खांद्यावर टाकून खाली चालत यायचं आणि आक्काच्या दारात द्यायची. मग नवी पाळी. आक्काने मागायला जायचं नाही आणि आप्पांनी न सांगता यायचं. पहिल्याने शेवटच्याच्या दारात जायचं, एवढ्या एका गोष्टीवर सगळा पाट चालत आला आहे.

हे सगळं गुण्यागोविंदाने होतं असं मी म्हणणार नाही. भांडणं होतात, आणि लई होतात. कुणी पाळी नसताना चिखलाचा बांध घालून पाणी चोरतं, कुणाची म्हैस पाटात लोळते, कुणी बांधाच्या कामाला येतच नाही. म्हणून बांध घालायच्या आदल्या दिवशी सगळ्यांनी ओढ्यात उतरायचं आणि वर्षभराचं मनातलं बोलून टाकायचं. काठावर उभं राहून नाही, पाण्यात. पाण्यात उभ्या माणसाने काहीही बोलावं, कुणी राग धरायचा नाही, आणि ते शब्द काठावर आणायचे नाहीत. पाण्यात बोललेलं पाण्यात. जो त्या दिवशी गप्प बसेल त्याने वर्षभर कुरकुर करायची नाही. आणि शेवटी, ज्याला बोललात त्याचा हात धरूनच बाहेर यायचं, कारण दगड निसरडे आहेत.

आणखी एक रीत आहे, ती नीट लक्षात ठेवा. शिव्या द्यायच्या त्या समोरच्याच्या भाषेत. आपल्या भाषेत दिल्या तर त्याला अर्ध्याच लागतील, मग मन मोकळं कसं होणार? म्हणून आक्का आप्पांना कानडीत झाडते आणि आप्पा आक्काला मराठीत.

अशा गावात एक संशोधक आले. मोठ्या शहरातले, मोठ्या संस्थेतले, हिंदी आणि इंग्रजी उत्तम, मराठी आणि कानडी दोन्ही शून्य. कुणीतरी त्यांना माझं नाव सुचवलं. मला आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू. आपल्या पाटावर कुणी लिहिणार, याचा आनंद. बेळगावच्या घरी ते माझ्या हातचं जेवले, मला आंटी म्हणू लागले, आणि मी त्यांना फळी, पाळी, पाण्यातलं बोलणं, सगळं इंग्रजीतून समजावून सांगितलं. ते ऐकताना मान हलवायचे. पुढे कळलं, की मान हलवणं ही त्यांची सवय होती.

पाण्यात उतरायच्या दिवशी ते कॅमेरा घेऊन काठावर उभे राहिले. आपलं शेत कसणाऱ्या माझ्या पुतण्याने विचारलंही, "हे चालंल का आक्का?" आक्का म्हणाली, "काढू दे की. बघू देत शहराला, भांडावं कसं ते."

थंडीचे दिवस होते, पाणी बर्फासारखं. आप्पांनी सुरुवात केली, त्यांच्या कानडी वळणाच्या मराठीत.

"आक्का! तुझी म्हस माझ्या रानात का येती गं? मागच्या साली वरणा खाल्ली, अवंदा उडीद खाल्ली. माझंच रान गोड लागतंय व्हय तिला?"

आक्का कमरेवर हात ठेवून कानडीत कडाडली, की तुझं कुंपण तुझ्या मिशीसारखं आहे, चार केस इकडे, चार तिकडे, म्हैस काय करेल? सगळे हसले. वरच्या वाडीतली माणसं जास्त हसली, कारण कानडीतली गंमत त्यांना जास्त कळली.

"तोंड आवर गं. बांधाला कोण दगड उचलली आणि कोण नुसती जीभ उचलली, हे सगळ्यांनी बघितलंय," आप्पा म्हणाले.

मग आक्काने ते वाक्य टाकलं. तेही कानडीतच. तू पाणी एकटा पितोस, भाकरी एकटा खातोस, म्हणून तर तुझी दोन्ही पोरं बेळगावजवळ मच्छ्याला कारखान्यापाशी खोली करून राहिली. सणालासुद्धा दार बघत नाहीत.

आप्पांनी सुटलेलं धोतर पुन्हा खोचलं. मग म्हणाले, "झालं तुझं?"

"झालं."

"मग चल भायेर. थंडी वाजून मरशील, आणि माझ्या नावानं बोंब व्हईल."

त्यांनी हात पुढे केला, तिने धरला, आणि ती दोघं वाकड्या करंजापाशी बाहेर आली. काठावर चहा होता. आप्पांनी आपली घोंगडी तिच्या खांद्यावर टाकली. हे सगळं होईपर्यंत कॅमेरा चालू होता. मी त्याच्या शेजारी उभी होते, त्यावरचा लाल दिवा मी माझ्या डोळ्यांनी बघितला आहे.

दुसऱ्या दिवशी बांध घातला. आप्पांची मुलंही मच्छ्याहून सुट्टी काढून आली होती, बरं का. मिरची लागली, पाळ्या सुरू झाल्या. मिरचीच्या हंगामाच्या शेवटी, उन्हाळा सरता सरता, फळी आप्पांच्या घरी पोचली होती आणि ते ती आक्काकडे आणून देणार होते. तेवढ्यात तालुक्याच्या गावाहून निरोप आला, की सभागृहात एक कार्यक्रम आहे, फिल्म दाखवणार आहेत, दोन्ही वाड्यांनी यावं. आक्का नवं लुगडं नेसली. आप्पांनी धुवट फेटा बांधला. त्यांच्या थोरल्या मुलाचे सासरे त्याच गावात राहतात, तेही सहकुटुंब आले आणि पुढच्या रांगेत बसले.

अंधार झाला आणि भिंतीवर आपला ओढा आला. पहिल्यांदा सगळे खूश. मग आप्पा ओरडताना दिसले आणि त्यांच्या खाली पाटी आली, मराठी शेतकरी. आक्का दिसली, तिच्या खाली पाटी, कन्नड शेतकरी.

आक्का मला कोपराने ढोसून हसली. "वैनी, मी कवा कानडी झालो गं?"

मला हसू आलं नाही. मला उमगलं, की या माणसाने कोण कुठल्या भाषेत ओरडतंय एवढंच ऐकलं आणि त्यावरून माणसांना पाट्या चिकटवल्या. मी घरी जेवायला वाढताना सांगितलेलं सगळं त्या हलत्या मानेतून निघून गेलं होतं. आपल्या मुलखात शेजारी शेजाऱ्याची भाषा शिव्या देण्याइतकी बोलतो, हे त्यांच्या डोक्यात शिरलंच नाही. एक माणूस एक भाषा, एक भाषा एक टोळी, आणि टोळ्या आल्या की युद्ध! सगळं आधीच ठरलेलं. ओढा फक्त चित्रासाठी हवा होता.

मग ते वाक्य आलं. मोठ्या आवाजात, कोरड्या भिंतीवर, खाली कानडी आणि इंग्रजी अक्षरांत. पाणी एकटा पितोस, भाकरी एकटा खातोस. पुढच्या रांगेतल्या व्याह्यांनी वळून आप्पांकडे बघितलं. विहीणबाईंनी पदर तोंडाला लावला. आणि भिंतीवरचं चित्र तिथेच संपलं. हात धरणं नाही, घोंगडी नाही, चहा नाही. टाळ्या पडल्या.

आप्पा उठले. जाता जाता आमच्या खुर्च्यांपाशी थांबले आणि मराठीतच म्हणाले, "पाण्यातलं तू भिंतीवर आणलीस, आक्का."

"मी न्हाय आणलो रं आप्पा! मला काय ठाव..."

पण ते निघून गेले होते. आक्काचं तोंड उघडंच राहिलं. त्यातून एक शब्द बाहेर पडला नाही, आणि तिला गप्प झालेली मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

संशोधक निघायच्या गडबडीत होते. मी त्यांना दारात गाठलं. पाट्या उलट्या आहेत, हे सांगितलं. ते म्हणाले, "आंटी, तपशिलात एखादी चूक राहते. मूळ मांडणीला धक्का लागत नाही."

"आणि हात धरून बाहेर आले, ते कुठे गेलं?"

"लांबी कमी करावी लागते, आंटी. पण बघा, तुमच्या गावाला दृश्यमानता मिळाली."

दृश्यमानता! ओढा काय अदृश्य होता? माझ्या पाहुण्याला मी आयुष्यात कधी दारातून वाईट बोलून पाठवलं नाही. त्या दिवशी पाठवलं, आणि इंग्रजीत, म्हणजे त्यांच्या भाषेत. आपली रीतच आहे ती.

फिल्म बघून तालुक्याचं सरकारी कार्यालय हललं. गाव संवेदनशील ठरलं. सुशिक्षित, मवाळ बोलणारे एक साहेब आले. मी त्यांना कानडीत सगळं समजावलं. त्यांनी मला चहा दिला, खुर्ची दिली आणि म्हणाले, "मॅडम, तुमचं बरोबर असेल. पण वर अहवाल गेलाय. काहीतरी केल्याचं दिसायला पाहिजे."

तेवढंच झालं. दिसण्यापुरतं केलं. ओढ्यावर काँक्रीटची भिंत आली, तिला लोखंडी दार, दाराला कुलूप. दोन समित्या झाल्या, एक कानडी, एक मराठी, जिथे आजवर एकही नव्हती. एक दिवस वरच्यांना पाणी, एक दिवस खालच्यांना. दोन भाषांतली पाटी. मीही याच सीमेवर म्हातारी झाले, भाषेचं भांडण मला कुणी शिकवायला नको. कोगनोळीच्या नाक्यावर बस अडल्या म्हणून मी रस्त्याकडेला दुपार काढली आहे. माझ्याच गावात माझ्या भाषेतला कागद मिळत नाही म्हणून खेटे घातले आहेत. तो राग खरा आहे आणि त्याची जागाही मला माहीत आहे. तो आपल्या ओढ्यात नव्हता. यांनी बाहेरून आणून तो तिथे टाकला, आणि मग त्याच्यावर उपाय म्हणून कुलूप लावलं.

त्या वर्षी मळणीनंतर कुणी पाण्यात उतरलं नाही. वरची वाडी आलीच नाही. दिवसाआड सोडलेलं पाणी पाटाच्या वाळलेल्या मातीतच जिरायचं. वरून खाली पोचेपर्यंत कुलूप लागायची वेळ व्हायची. आमच्या शेताला ओलावा लागला, आक्काच्या शेताला तोही नाही. तिची मिरची फुलावर असताना वाळली. एरवी ती नंदगडच्या बाजारात मिरची विकायला जायची. त्या वर्षी विकत घ्यायला गेली, आणि ज्या बाईला वर्षानुवर्षं टोमणे मारले तिच्याकडूनच घेऊन आली. त्या बाईने मूठभर जास्त घातली. "तेच लई लागलं," आक्का मला म्हणाली.

आणि फळी आप्पांच्या घरात भिंतीला टांगलेली होती. मी आक्काला म्हटलं, जाऊन आण की. कुलूप काढायला मी कार्यालयात भांडते, तू फळी घेऊन ये.

"मी मागून आणली तर ती फळी न्हाय वैनी, लाकूड. ती त्यानं आणून द्यायची असती."

मग मी आप्पांकडे गेले. त्यांनी मला बसायला घोंगडी घातली, ताक दिलं. फळीचं नाव काढल्यावर म्हणाले, "टीचर, माझ्या व्याह्यानं त्या दिसापासून माझ्या घरात पाणी प्यालं न्हाय. मी कुठल्या तोंडानं खाली जाऊ?"

दोघांचंही खरं होतं. मी अर्थशास्त्राची बाई, समेट घडवणं मला कुठे शिकवलं होतं? मी ताक पिऊन परत आले. संशोधकांना कितीदा तरी लिहिलं, की निदान पाट्या तरी बदला. पहिल्यांदा आभाराचं उत्तर आलं, नंतर तेही बंद झालं. इकडे ती फिल्म जग हिंडत होती आणि हिंडत हिंडत थोरलीच्या वर्गात पोचली.

मग पावसाळा आला. आपले लोक बांध दर वर्षी मोडू देतात, ते काही काँक्रीट परवडत नाही म्हणून नव्हे. ओढ्याला वाट लागते. या भिंतीने वाट अडवली, तेव्हा पुराने भिंतीला वळसा घातला आणि शेजारचा काठ कापला. तो काठ आप्पांचा. त्यांच्या भाताची एक पट्टी मातीसकट गेली. आज तुम्ही आलात तर बघाल. भिंत उभी आहे, दार आहे, दाराला कुलूप आहे, आणि ओढा बाजूने वाहतो आहे. कुलूप उघडलं तर पलीकडे वाळू. साहेबांची बदली झाली. समित्यांची पाटी अजून आहे, तिच्यावर सुतार पक्षी बसतो.

मळणीसाठी मी गावात होते. थंडी पडली, बांधाचे दिवस आले, पण कुणी कुणाला बोलावलं नाही. एका सकाळी मी आपल्या शेताच्या कडेने चालले होते, तर ओढ्याकडून आवाज आला. बघते तर आप्पा. एकटे, धोतर खोचून, गुडघाभर पाण्यात, आणि तोंड खालच्या वाडीकडे.

"आक्का! अगं ए आक्का! तू माझ्या पोरांचं नाव घेतलीस! माझ्या व्याह्यासमोर माझी इज्जत गेली! आणि तुझी म्हस यंदा पण आली, उरलेलं रान खायाला! भायेर ये, मी पाण्यात हाय!"

पुतण्याची बायको सांगायला धावली. आक्का भाकरी टाकत होती, पिठाच्या हातानेच आली. काठावर क्षणभर थांबली, आप्पांकडे बघितलं, मग काठावर उभ्या पोरांकडे आणि त्यांच्या हातांकडे बघितलं. "फोन!" ती ओरडली. "सगळ्यांचं फोन आधी ह्या टोपलीत. वैनी, तू राख. कुणी हात घातला तर बोटं मोड." अशी माझी नेमणूक झाली. त्या टोपलीवर मी सुपाचं झाकण घातलं आणि वर हात ठेवून बसले.

मग ती पाण्यात उतरली आणि कानडीत बोलली. काय बोलली ते मी लिहिणार नाही. माझे शब्द काठावरचे आहेत. तुम्हांला मी वर जे सांगितलं ते आधीच जगाने बघितलेलं होतं, म्हणून सांगितलं. हे बघितलेलं नाही, म्हणून सांगणार नाही. एवढंच, की दोघंही रडत नव्हती, दोघंही मोठ्याने बोलत होती, आणि हळूहळू वरच्या वाडीतले काहीजण, खालच्या वाडीतले काहीजण पाण्यात उतरले. सगळे नाही. खालच्या काहींनी बोअर मारलेत, त्यांना ओढ्याची गरज उरली नाही. वरची काही घरं अजून रागावलेली आहेत, आणि मी त्यांना दोष देत नाही.

शेवटी आप्पा म्हणाले, "झालं?" ती म्हणाली, "झालं." दोघं हात धरून बाहेर आली. आणि त्याच दिवशी दुपारी, ओल्या धोतरावर घोंगडी टाकून, आप्पा फळी खांद्यावर घेऊन पाटाच्या कडेने खाली चालत गेले. व्याही अजून त्यांच्या घरी पाणी पीत नाहीत. सभागृहाच्या भिंतीवर दिसलेलं ते वाक्य पुसलं गेलेलं नाही. तरी ते चालत गेले.

आक्काने दारात फळी घेतली, उलटी सुलटी करून बघितली आणि म्हणाली, "धूळ बसलीया. पुसून आणायची तरी."

थोरले, आता तुला सांगते. त्या वर्गात पुन्हा जा, उभी राहा, आणि सांग की पाट्या उलट्या आहेत. सांग की उंच माणूस कानडी आहे आणि मराठीत ओरडतो आहे, बुटकी बाई मराठी आहे आणि कानडीत, आणि फिल्म जिथे कापली तिथून पुढे ते हात धरून बाहेर आले होते. सांग की ही माझ्या आजीची माणसं आहेत. धाकट्या, तूही ऐकून ठेव, तुझ्यावरही ही वेळ येईल. लाज तुम्ही वाटून घ्यायची नाही. ती ज्याची आहे त्याच्याकडे परत पाठवा.

यंदा बांध भिंतीच्या बाजूने फुटलेल्या नव्या वाटेवर घातला, आखूड आहे, माणसं कमी होती. पाणी शेवटच्या शेतापर्यंत पोचतं. आक्काची मिरची लागली आहे. फळी तिच्या घरात, उंबऱ्याच्या आत, भिंतीला टेकून उभी आहे.